पाणी मुरतं कुठे

एलेउतेरियो तिसऱ्यांदा आला
तो मोटरसायकल ढकलत, चोंचीचा अख्खा चढ,
आणि काखेत बरणी, शिंपले खारवायची.
बरणीत वर पेट्रोल, खाली पाणी,
मधे एक रेघ, नखाने ओढल्यासारखी.
"बघ एदेल्मिरा, हा पुरावा.
आलिरो पेट्रोलमध्ये पाणी घालतो."

तीन महिने तो त्या पंपवाल्याला पाण्यात पाहत होता.
अक्षरशः. रोज सकाळी
बरणी खिडकीतल्या उजेडाकडे धरून.
देवळात आलिरो बाकावर टेकला की हा
घंटेची दोरी ओढायला वेळेआधीच उठायचा.

मी काही बोलले नाही. आमच्या बेटावर
पाऊस हा बोलायचा विषय नाही.
तो असतो, जसा दुखरा गुडघा असतो.
गाडी अंगणात उभी, तोही उभा.

किल्ली फिरवली, झाकण उचललं.
टाकीच्या तोंडाभोवतीच्या खोबणीत
एवढंसं तळं.
मी नीट बघेपर्यंत ते कलंडलं
आणि गुटकन आत गेलं.
आलिरोचा पंप इथून नऊ किलोमीटर.

त्या तळ्याला वाट असते.
कडेला एक भोक, मोहरीएवढं,
तिथून बारीक नळी टाकीच्या पोटातून
खाली रस्त्यावर. पाऊस वरून येतो, खालून जातो,
पेट्रोलला त्याचा पत्ता लागत नाही.
भोक बुजलं, की दर वेळी झाकण उघडणाराच
स्वतःच्या हाताने पाणी पाजतो गाडीला.

भाच्याच्या गिटारची तुटलेली तार घेतली, सगळ्यात पातळ.
चार बोटं गेली आणि थांबली.
खडा असता तर तारेने सांगितलं असतं, माती असती तरी.
हे काहीतरी मऊ होतं. लोण्यासारखं हट्टी.
इथे जोर करायचा नसतो.
पुएर्तो मोन्तला माझ्या उस्तादाने केला होता एकदा;
नळी आतून फाटली, आणि त्या टाकीत
त्याची बायको आता पुदिना लावते.

तार बाहेर काढली. टोकाला पिवळट काहीतरी.
हुंगलं. मध. धूप.
"एलेउतेरियो, टाकीला काय लावतोस?"
"पुसतो."
"कशाने?"
तो बुटांकडे बघत राहिला.

दर शनिवारी, संताचे लाकडी पाय
मेणाने घासून झाले, की फडक्यात उरलेलं
वाया का घालवायचं म्हणून टाकीवर.
बारा वर्षं. झाकणाच्या कडेला जरा जास्तच.
तशी टाकी चमकायची खरी.
ढग दिसायचे तिच्यात, दुसरं असतं काय इथे.

टाकीच्या तोंडात चिंधी कोंबली.
खालचा रबरी पाइप सोडवला.
माते प्यायला ठेवलेल्या किटलीतलं गरम पाणी
चमचा चमचा भोकात सोडत गेले.
थांबायचं. परत एक चमचा. परत तार, हलकेच,
कानातला मळ काढतो तशी.
तो झाकण छातीशी धरून उभा,
टोपी काढल्यासारखा.

आधी एक पिवळा दोरा लोंबला, शेवईएवढा.
मग थेंब. मग धारच,
थेट त्याच्या बुटावर.
त्याने पाय मागे घेतला नाही.

वरून कपभर गार पाणी ओतलं.
पाच मोजायच्या आत गेलं.

"आलिरोला काय सांगू?"
"काही नको. टाकी रिकामी कर, नवीन पेट्रोल भर."
"त्याच्याकडूनच?"
"या बाजूला दुसरा पंप आहे कुठे?"

पैसे दिले, मोजून. बरणी विसरला, की ठेवून गेला.
मी त्यात आता कार्ब्युरेटरचे जेट भिजत घालते.

शनिवारी देवळावरून आले, तिन्हीसांजेला.
आत दिवा होता, फडक्याचा आवाज येत होता.
बाहेर गाडी. टाकी मळकी, शेवाळी, पहिल्यांदाच.
पाऊस चालूच.
आणि खाली, स्टँडपाशी,
एक थेंब.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.